निरोपाचं पाणी

"बोला ना... कुणी आणला हा आजार माझ्या घरात?"

सासूबाईंच्या त्या प्रश्नानं खोलीतली कुजबुज एकदम थांबली. मधोमध सासऱ्यांची रिकामी खाट, खाटेशेजारी स्टुलावर कोमट पाण्याचा वाडगा, वाडग्याशेजारी घडी केलेला पांढरा टॉवेल... आणि ज्यांचे हात त्या पाण्यात धुवायचे ते मात्र सकाळीच इस्पितळातून परस्पर गेलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होऊन, घरच्यांच्या एका शब्दावाचून गेलेले!

त्या समाजात माणूस गेला की बाकी काही झालं नाही तरी चालत असे, पण निरोपाचं पाणी चुकत नसे. घरच्यांनी एकेक करून जवळ बसायचं, गेलेल्याचे दोन्ही हात कोमट पाण्यानं धुवायचे, पुसायचे आणि म्हणायचं, "तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही. माझ्याकडे तुझं काही राहिलं नाही. सुखानं जा." बस, एवढंच. पण एवढं म्हणताना भल्याभल्यांची बोबडी वळायची, कारण मनात अढी ठेवून हे शब्द उच्चारायचे नाहीत, असा दंडक होता. आयुष्यभर एकमेकांचं तोंड न पाहिलेले भाऊ त्या वाडग्यापाशी येऊन लहान मुलांसारखे रडलेले त्या गल्लीनं पाहिले होते. साथ आली आणि नेमकं तेच पाणी सरकारनं बंद केलं.

"सांगा की! माझा धडधाकट माणूस गेला. बसचं चाक हातात धरून जन्म काढला त्यांनी, कधी शिंक आली नाही त्यांना... कुणाच्या पायानं आलं हे?" सासूबाईंचा आवाज चिरकला. त्या सगळ्यांकडे बघत होत्या, पण थोरल्या सुनेकडे बघायचं टाळत होत्या.

थोरली दाराशी उभी होती. इस्पितळात नर्स. साथीच्याच वॉर्डात तिची ड्यूटी. तेव्हा उत्तर प्रत्येकाच्या ओठांवर होतं, नवऱ्याच्या, शेजारणीच्या, दाराबाहेर तोंडाला फडकं बांधून उभ्या असलेल्या गल्लीच्या... फक्त ते उच्चारायचं कुणी, एवढंच राहिलं होतं.

"मी आणला, आई," थोरली म्हणाली. "माझ्यामुळेच आला."

खोटं होतं ते! धादांत खोटं! वॉर्डातल्या प्रत्येकीची वरचेवर तपासणी व्हायची आणि थोरलीला एकदाही काही निघालेलं नव्हतं. ती घरी आली की अंगणातच कपडे उकळत्या पाण्यात टाकायची, वेगळ्या खोलीत जेवायची, स्वतःच्या लेकीला खिडकीतून बघायची. आजार आला होता तो मागच्या दारानं. पलीकडच्या गल्लीत सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे नवऱ्याची मावशी, तापानं घरच्या घरीच गेली होती. "कुणी जाऊ नका," म्हणून घरातल्यांना बजावून थोरली ड्यूटीवर गेली, पण काही विसरलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली, तर सासूबाई मागच्या दारानं आत येत होत्या... डोळे सुजलेले आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या. पाठची बहीण! तिचे हात न धुता तिला कशी जाऊ देतील त्या? थोरली काही बोलली नाही. आठवड्याच्या आत सासूबाईंना किरकोळ सर्दी होऊन गेली, आणि सासऱ्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच.

हे सगळं आता त्या भरल्या खोलीत सांगायचं? ज्या बाईनं उभा जन्म त्या माणसासाठी काढला तिला सांगायचं, की बाई गं, बहिणीला निरोप देऊन आलीस आणि त्याच हातांनी नवऱ्याला मृत्यू वाढलास? थोरलीनं वॉर्डात पुष्कळ मरणं पाहिली होती. ह्या शब्दांनी माणूस कसा मरेल तेही तिला डोळ्यांपुढे दिसलं. त्यापेक्षा आपण सहन करू, आपली पाठ रुंद आहे, असं तिला त्या क्षणी वाटलं. वाटणं सोपं असतं!

"मग जा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोरांना तरी सोड. आणि ऐका सगळे... उद्या मी मेले तर माझ्या हातांना हिचा हात लागता कामा नये!"

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो शिंपी. दुसऱ्याच्या कपड्याचं माप बोटभरही न चुकता घेणारा, पण आईच्या पुढ्यात त्याला कधी शब्द फुटला नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, "थोडे दिवस तू इस्पितळाच्या क्वार्टरमध्येच राहा. भिंगरीला मी बघतो."

भिंगरी त्यांची सात वर्षांची लेक. दिवसभर घरभर फिरायची म्हणून आजोबांनीच ठेवलेलं नाव. त्या दिवशी ती आजीच्या कुशीत शिरून आईकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून थोरलीचं काळीज चरकलं. आजोबांना आईनं मारलं... पोरीनं ते ऐकलं होतं, आणि पोरीला ते पटलं होतं.

क्वार्टरच्या त्या कोंदट खोलीतून थोरली रोज फोन करायची. नवरा दोन शब्द बोलायचा, दुकान बंद आहे, मास्क शिवतोय, आईचं बरं आहे. "भिंगरीला देता?" असं विचारलं की पलीकडे पावलं वाजायची, कुजबुज व्हायची, आणि मग तोच परत यायचा. "खेळतेय गं ती..." रोज कसली खेळतेय? न कळण्याइतकी थोरली दूधखुळी नव्हती. फोन ठेवून ती उशी तोंडावर दाबून रडायची, आणि ड्यूटीची वेळ झाली की तोंड धुऊन साथीच्या वॉर्डातला डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा झगा आणि चष्मा चढवायची.

वॉर्डात तर कहरच होता. माणसं जात होती, आणि फाटकाबाहेर त्यांची माणसं उभी होती. एके सकाळी एक बाई वाडगा घेऊन आली, पाणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तिचा तरणाताठा मुलगा नुकताच गेला होता. रखवालदाराला ती म्हणत होती, "मला आत नको सोडू बाबा, पण हे पाणी तेवढं आत ने... नुसतं त्याच्याजवळ ठेव..." रखवालदार, ज्याला सगळे खवीस म्हणायचे, तो तोंड फिरवून भिंतीला टेकून हुंदके देत होता. ते पाणी तिथंच निवून गेलं.

थोरली त्याच संध्याकाळी प्रार्थनाघराच्या म्हाताऱ्या गुरुजींच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, हे पाणी माणसं मारतंय," ती म्हणाली. मनात कुणाच्या बाह्या होत्या ते तिलाच ठाऊक. "आणि ते मिळालं नाही तर मागे राहिलेली मरतायत. मी काय करू?"

गुरुजींनी खिडकी पूर्ण उघडली. साथ सुरू झाल्यापासून त्यांचं प्रार्थनाघर बंद होतं आणि ते स्वतः पाण्याबाहेरच्या माशासारखे झाले होते. मग म्हणाले, "शब्द घरच्यांचेच हवेत, पोरी. ते उसने चालत नाहीत. पण हात? हात कुणाचे असावेत असं कुठंच सांगितलेलं नाही. घालशील तुझे?"

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई आधी तडकल्या. "इथं जिवंत माणसांना बघायला वेळ नाही, सिस्टर!" पण दोन दिवसांनी त्यांनीच एक जुना फोन आणून थोरलीच्या हातात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे निघून गेल्या.

तिथून ते सुरू झालं. कुणी गेलं की पिशवी बंद करण्याआधी थोरली वाडगाभर कोमट पाणी आणायची, सलाईनच्या खांबाला फोन बांधायची, पलीकडे त्या घरचे जमायचे. त्यांनी शब्द म्हणायचे, हिनं हातमोजे घातलेल्या हातांनी ते थंड हात धुवायचे, बोटं एकेक करून, लेकराची धुवावीत तशी. गल्ल्यांमधून बातमी पसरली. आता ज्या घरचं माणूस जाईल त्याच्या शेजारपाजारची माणसं आपापल्या खिडक्यांत उभी राहू लागली, आणि शेवटचे शब्द आले की सगळी गल्ली एका सुरात म्हणायची, "सुखानं जा!" फाटकाबाहेरचा आक्रोश हळूहळू ओसरला. दुःख कमी झालं नव्हतं, कुठून होणार? पण त्याला बसायला जागा मिळाली.

कधी रडता रडता हसूही फुटायचं. एका म्हाताऱ्यानं भावाला निरोप देताना मध्येच थांबून विचारलं, "सिस्टर, माझ्याकडे त्याची शिडी राहिलीय की हो! वीस वर्षं झाली, दिलीच नाही मी. आता 'काही राहिलं नाही' असं कसं म्हणू?" पलीकडे घरातल्या बायका रडायच्या थांबून तोंडावर हात धरून हसू लागल्या. "शिडी पुतण्याला द्या काका," थोरली म्हणाली, "आणि शब्द भावाला द्या." म्हातारा म्हणाला, "हां, असं करतो," आणि मग मात्र ढसाढसा रडला.

थोरलीला आता गावभर लोक ओळखत होते, तोंड न पाहताच. फक्त तिच्या घरच्यांच्या लेखी ती अजून तीच होती, घरात मरण घेऊन आलेली. दुसऱ्यांच्या घरच्या अढ्या सुटताना ती रोज बघायची. आपली कधी सुटणार, हे विचारायला मात्र तिला कुणी नव्हतं.

साथीची दुसरी लाट आली, आणि एका दुपारी स्ट्रेचरवरून सासूबाई आल्या.

किती लहान दिसत होत्या! केस विस्कटलेले, ओठ काळवंडलेले, श्वास घेताना गळ्याची शीर ताठ होत होती. थोरली धावतच पुढे झाली. पण त्या झग्यात, त्या चष्म्यामागे सगळ्या सारख्याच. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही.

"सिस्टर..." त्या मास्कमधून धापा टाकत म्हणाल्या, "इथं माझी सून असते. तिला माझ्या खाटेजवळ येऊ देऊ नका."

थोरलीनं त्यांची उशी सारखी केली. आवाज बदलून, अगदी हलक्या सुरात म्हणाली, "नाही येऊ देणार, आजी."

आणि तिनंच त्यांचं सगळं केलं! औषध, पाणी, कूस बदलणं, केसांचा गुंता सोडवणं, पाठीवर हात फिरवत धाप ओसरेपर्यंत धरून बसणं... सासूबाई दुसऱ्या नर्सला म्हणाल्या, "ती उंच पोरगी पाठवा. तिचा हात बरा आहे." हे ऐकून थोरली औषधांच्या कपाटाआड जाऊन उभी राहिली. चष्म्याच्या आत पाणी साठलं तर पुसताही येत नाही, हे त्या झग्याचं मोठं दुखणं होतं.

शेजारच्या खाटेवरची आजीबाई गेली त्या दिवशी सासूबाई जाग्याच होत्या. थोरलीनं वाडगा आणला, फोन बांधला आणि पाण्याचे दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून ऊन किती ते पाहिलं. हातमोज्यावरूनच, सवयीनं. मग हात धुतले, घरच्यांनी शब्द म्हटले, फोनमधून सगळ्या गल्लीचा सूर आला... आणि ती वळून बघते तो सासूबाईंची नजर तिच्यावर खिळलेली!

"मनगटावर पाणी बघायला..." त्या म्हणाल्या, "मी शिकवलं होतं तुला. भिंगरीच्या पहिल्या आंघोळीला."

थोरलीनं वाडगा घाईघाईनं खाली ठेवला. "आई... मी जाते. मी दुसरीला पाठवते. तुम्ही त्रास करून घेऊ नका, मी हात नाही लावत..."

"बस इथं."

"आई..."

"बस म्हणते ना! मरायला टेकलेय, तरी सुनेला दोनदा सांगावं लागतं." तेवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली. थोरली खाटेच्या कडेला बसली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी बोलत राहिल्या. "तू माझ्या ओल्या बाह्या पाहिल्यास त्या दिवशी. मी तुला बघताना पाहिलं होतं."

थोरलीनं झटकन त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हे तापानं फणफणले त्याच रात्री कळलं मला. मग वाटलं, कुणीतरी म्हणावं की दुसऱ्या कुणामुळे झालं... कुणीही. म्हणून तर विचारलं मी सगळ्यांसमोर! आणि तू 'मी' म्हणालीस." त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी ओघळून कानांत जात होतं. "तू 'मी' म्हणालीस गं... आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. तो तुझ्या डोक्यावर ठेवून मी इतके महिने दोन वेळचं जेवले. पोरीला तुझ्याशी बोलू दिलं नाही. भीती वाटायची, तू तिला खरं सांगशील. तू सांगितलं नाहीस, तर तुझा आणखीच राग यायचा..."

"सोडा ना आता ते, आई! माझ्या मनात काही नाही."

"माझ्या आहे. फोन लाव. पोराला लाव."

"नको! त्यांना सहन नाही व्हायचं. अहो, मी केलंय ना सहन? अजून करीन..."

"लाव!" सासूबाईंनी डोळे उघडले. त्यांत अजून तो जुना धाक होता, ज्याच्यापुढे सगळं घर उठून उभं राहायचं. थोरलीनं फोन लावला.

नवऱ्याचा चेहरा पडद्यावर आला. मागे भिंतीला टेकून भिंगरी उभी होती, दोन इंच उंच झालेली. सासूबाईंनी मास्क बाजूला केला आणि एकेका श्वासागणिक एकेक वाक्य सांगितलं. मावशीचं घर. मागचं दार. ओल्या बाह्या. "तुझ्या बापाला मी मारलं. हिनं नाही. हिनं माझं झाकलं." सांगून झालं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

मग पलीकडून फोन बंद झाला.

"कापला ना?" सासूबाई म्हणाल्या. "बरोबर केलं. मीही कापला असता." आणि थोड्या वेळानं, अगदी पुसट आवाजात, "तू कापू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. थोरलीचा हात त्यांच्या हातात होता आणि शेवटपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

थोरलीनं वाडगा भरून आणला. तिनं फोन खांबाला बांधला. नवऱ्यानं उचलला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. शेजारी भिंगरी. थोरलीनं आधी आपले शब्द म्हटले, "तुमच्याकडे माझं काही राहिलं नाही आई, माझ्याकडे तुमचं काही राहिलं नाही..." आणि ते म्हणताना तिला आतून कळलं की हे खरं आहे. खरोखरच काही राहिलं नव्हतं. आदल्या दिवशी खाटेच्या कडेला बसूनच सगळं संपलं होतं.

"आता तुम्ही म्हणा," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं मान फिरवली.

"अहो..."

"मला नाही म्हणता येणार." त्याचा आवाज दगडासारखा होता. "तिनं बाबांना... ते एक वेळ जाऊ दे, ते अजाणता झालं. पण तुला? माझ्या डोळ्यांदेखत तुला बाहेर काढलं. मला रोज तुझ्याविरुद्ध भरवलं. पोरीला तुझ्यापासून तोडलं. आणि मी कसला म्हणतो 'काही राहिलं नाही'? खोटं कसं म्हणू?"

"खोटं म्हणू नका. मनातून काढा आणि मग म्हणा."

"तुला राग येत नाही का गं?" तो ओरडलाच. "माणूस आहेस की कोण आहेस तू?"

"येतो ना!" थोरलीचाही बांध फुटला. "येतो राग! त्या खोलीत एकटी पडायची तेव्हा भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. तुमचा जास्त यायचा. त्यांना नवरा गेल्याचं वेड लागलं होतं, तुम्हाला काय झालं होतं? एकदा तरी म्हणायचंत, की माझी बायको असं करणार नाही! एकदा!"

पडद्यावर त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मग तुझं माझ्याकडे राहिलंय त्याचं काय?"

"ते आपण दोघं बघू," ती म्हणाली. "आपण जिवंत आहोत अजून. भांडू, बोलू, आयुष्य पडलंय. त्यांच्याकडे तेवढा वेळ नाही. बाहेर गाडी थांबलीय. त्यांना घेऊन जातील, आणि मग तुम्ही जन्मभर हे उरात घेऊन फिराल. मी रोज बघते हो अशी माणसं! फाटकाशी येऊन बसतात, काही विचारत नाहीत, नुसती बसतात..."

ती बोलायची थांबली. वाडग्यात बोट घातलं. पाणी निवलं होतं. ती उठली, ते ओतून टाकलं, कोपऱ्यातल्या शेगडीवरून दुसरं ऊन पाणी आणलं, मनगटावर पाहिलं, आणि पुन्हा येऊन बसली. सासूबाईंचा उजवा हात तिनं ओंजळीत घेतला. वाट बघत राहिली.

बाहेर गाडीवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. डॉक्टरीणबाईंनी दारातून त्याला हातानं थांबवलं.

"आई..." शेवटी नवरा म्हणाला. "आई गं... तुझ्याकडे..." त्याला हुंदका आवरेना. लहानपणी तापात आई रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायची ते आठवलं, की बाबांच्या रिकाम्या खाटेपाशी ती एकटी बसून काय पुटपुटायची ते आत्ता कुठे कळलं, कोण जाणे. "तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही. माझ्याकडे तुझं काही राहिलं नाही. जा... सुखानं जा!"

आणि फोनमधून, खिडक्यांत उभ्या असलेल्या गल्लीचा तोच शब्द आला, नेहमीसारखा, एका सुरात. थोरली हात धूत होती. बोटं एकेक करून, अंगठ्याच्या खालची ती कढईच्या चटक्याची जुनी खूणसुद्धा.

तिनं हात पुसले, छातीवर जुळवून ठेवले आणि फोन सोडवायला उठली. तेवढ्यात पडद्यावर भिंगरीचा चेहरा अगदी जवळ आला, इतका जवळ की नुसते दोन डोळे आणि नाकाचं टोक दिसत होतं. इतक्या महिन्यांत ती आईशी एक अक्षरही बोलली नव्हती. आता ती बोलेल, की वडिलांनी पुढे ढकललं म्हणून नुसती उभी आहे, हे थोरलीला कळेना.

"आई," भिंगरी म्हणाली, "पाणी गरम घेतलं होतंस ना? आजीला गार पाणी सोसत नाही."

चष्म्याच्या आत सगळं धूसर झालं, पोरीचे डोळे, खांब, ती खाट... पण या वेळी तिला खोटं बोलायचं नव्हतं.

"हो गं बाळा," ती म्हणाली, "गरमच होतं."